हिपहॉप आपोआप जन्मले नाही!

वस्तीतल्या अभ्यासिकेत रॅप लिहिणारी मुले भेटतात. त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : "ताई, दुःख असलं की रॅप आपोआप येतो." हे वाक्य ऐकायला छान वाटते, पण ते खोटे आहे आणि धोक्याचेही. कला आपोआप येते असे मानले की ती घडवणाऱ्यांचे श्रम पुसले जातात. मग त्या श्रमांचा मोबदला तरी कोण मागणार? म्हणून हिपहॉपचा इतिहास नीट पाहिला पाहिजे.

न्यूयॉर्क शहराचा ब्राँक्स हा भाग. 1948 पासून रॉबर्ट मोझेस या नियोजकाने तिथल्या भरवस्तीतून द्रुतगती महामार्ग काढला. हजारो कुटुंबे उठवली गेली. ज्यांना परवडले ते उपनगरांत गेले. मागे राहिले ते मुख्यतः कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोचे गरीब कामगार. कारखाने गेले, रोजगार गेला. विम्याच्या पैशासाठी घरमालक इमारतींना आगी लावू लागले, आणि त्याच काळात पालिकेने तिथली अग्निशमन केंद्रे बंद केली. 1970 ते 1980 या दहा वर्षांत ब्राँक्समधल्या 44 जनगणना विभागांनी आगीत किंवा ओस पडून निम्म्याहून अधिक इमारती गमावल्या. ही नैसर्गिक आपत्ती नव्हती. हे धोरण होते.

या उद्ध्वस्त भागात तरुणांच्या टोळ्या होत्या. डिसेंबर 1971 मध्ये 'घेट्टो ब्रदर्स' या टोळीचा ब्लॅक बेंजी हा तरुण दोन गटांत समेट घडवायला गेला आणि तिथेच मारला गेला. सगळ्यांना वाटले, आता रक्ताचे पाट वाहणार. पण घेट्टो ब्रदर्सनी सूड नाकारला. 8 डिसेंबरला हो अ‍ॅव्हेन्यूवरच्या मुलांच्या क्लबात टोळ्यांची बैठक बसली आणि शांतता करार झाला. भांडणे एका दिवसात संपली नाहीत. पण दुसऱ्याच्या गल्लीत गाणे ऐकायला जाता येईल, एवढी वाट तरी मोकळी होऊ लागली. हिपहॉपच्या आधी ही बैठक आहे, हे विसरू नका.

मग 11 ऑगस्ट 1973. पत्ता : 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यू. जमैकाहून आलेल्या कुटुंबातील सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. तिने इमारतीतला हॉल भाड्याने घेतला, हाताने निमंत्रणे लिहिली, तिकीट ठेवले : मुलींना 25 सेंट, मुलांना 50. गाणी लावायला तिचा 18 वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. नाचणारी मुले गाण्यातल्या नुसत्या ढोलाच्या तुकड्याची वाट पाहतात, हे हर्कने हेरले होते. पुढे त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवून तो तुकडा लांबवत नेला. जग हर्कला जनक म्हणते. पण कार्यक्रम उभा करणाऱ्या सिंडीचे नाव किती जणांना माहीत आहे? चळवळीच्या इतिहासातून बायांची नावे कशी गळतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता दुसरी बाजू पाहा. 1979 मध्ये शुगरहिल गँगचे 'रॅपर्स डिलाइट' आले आणि रॅप जगभर पोहोचला. त्यातल्या एका गायकाने आपल्या ओळी ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतून घेतल्या होत्या. इतक्या जशाच्या तशा, की कॅझच्या नावाची अक्षरेही त्यात राहून गेली! कॅझला ना श्रेय मिळाले, ना पैसा. याच गाण्याची चाल 'शिक' या प्रस्थापित बँडच्या गाण्यावर बेतलेली होती. त्या बँडच्या नाईल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याचा इशारा दिला आणि त्यांची नावे गीतकार म्हणून लागली. ज्यांच्याकडे कागद आणि वकील, त्यांना हक्क. ज्याच्याकडे फक्त प्रतिभा, त्याच्या वाट्याला टाळ्या.

त्या इमारतीचेही तेच. 2007 मध्ये राज्याने सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या इमारतीला हिपहॉपचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. त्याच सुमारास तिचे मालक परवडणाऱ्या भाड्याच्या सरकारी योजनेतून बाहेर पडू पाहत होते. जन्मस्थानाचा गौरव चालू होता आणि आत राहणारे भाडेकरू छप्परासाठी लढत होते. हर्क त्यांच्या बाजूने उभा राहिला.

हा इतिहास आपल्याला परका नाही. 1966 साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली, तिच्यावरून 1972 मध्ये मुंबईच्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले. नाते जुने आहे. पण नुसती टोपी उलटी घालून ते निभावता येणार नाही. आपल्या जलशांतली कितीतरी गाणी वस्तीवस्तीत गाजली, पण ती कोणी रचली हे विचारले तर आज घरातली वडीलधारी माणसेही अडखळतात. ती वेळ तुमच्या रॅपवर येऊ देऊ नका.

रॅप जरूर लिहा. पण प्रत्येक गाण्याखाली नाव आणि तारीख घाला. करारावर सही करण्याआधी जाणकाराला दाखवा. कार्यक्रम उभा करणाऱ्या बहिणीचे नाव माईकवरून घ्या. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे स्टुडिओच्या दारातही लागू आहे.

जयभीम!