निपाणीच्या सुपातला टबॅकम

निपाणीत दुपारी कुठल्याही गल्लीत शिरा. उंबऱ्याशी पाठ टेकून एखादी बाई बसलेली असते, मांडीवर सूप. सुपात एकीकडे ओलसर तेंदूची पानं, दुसरीकडे तंबाखूचा चुरा. पत्र्याचं माप ठेवून ती पान कापते, चिमूटभर तंबाखू पसरते, पान वळते, टोक नखानं आत दाबते आणि दोऱ्याचा वेढा देते. हे सगळं बोलता बोलता. "पान ओलं पाहिजे बघा, वाळलं की चिरतंय," एकीनं मला सांगितलं, तेवढ्यात तिच्या दोन विड्या झाल्या होत्या.

त्या सुपातल्या तंबाखूचं शास्त्रीय नाव निकोटियाना टबॅकम. 1753 साली स्वीडनच्या लिनियसनं 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथात ते पक्कं केलं. ऐकायला लॅटिन वाटतं, पण त्यातला एकही शब्द मुळात रोमन नाही. 'निकोटियाना' आला ज्याँ निको या फ्रेंच माणसाच्या आडनावावरून. 1559 ते 1561 तो लिस्बनमध्ये फ्रान्सचा वकील होता. तिथून त्यानं ही वनस्पती औषधी म्हणून फ्रान्सच्या दरबारात, कॅथरिन द मेदिचीकडे पाठवली. निको मूळचा भाषेचा माणूस. त्यानं रचलेला फ्रेंच शब्दकोश त्याच्या मृत्यूनंतर, 1606 मध्ये छापला गेला आणि त्यात 'निकोटियान' हा शब्दही आहे. पुढे 1828 साली हायडेलबर्गमध्ये पोसेल्ट आणि रायमान यांनी पानातलं विष वेगळं काढलं, तेव्हा त्यालाही याच आडनावावरून निकोटीन म्हटलं गेलं.

या नावावर पहिला आक्षेप लगेचच आला होता. आंद्रे तेवे हा फ्रेंच साधू स्वतः ब्राझीलला जाऊन आला होता आणि निकोच्या आधी त्यानं तंबाखूचं बी आणून आपल्या गावी लावलं होतं. ज्यानं तो देश पाहिलासुद्धा नाही त्याचं नाव झाडाला लागावं, हे त्याला शेवटपर्यंत सलत राहिलं. मला तेवेची बाजू पटते. पण त्यानं तरी कुठं ती वनस्पती शोधली होती? ती लावणारे, वाळवणारे, ओढणारे लोक कितीतरी पिढ्या आधीचे. त्यांचं नाव शोधायचं तर नावातला दुसरा शब्द पाहावा लागतो.

1492 च्या नोव्हेंबरात कोलंबसची दोन माणसं क्यूबा बेटाच्या आत शिरली. तिथले टाइनो लोक पेटवलेली कसलीशी गुंडाळी तोंडाला लावून धूर घेत होते. बार्तोलोमे द लास कासास या पाद्र्यानं तिचं वर्णन करून ठेवलं आहे: वाळलेला पाला, दुसऱ्या एका वाळलेल्या पानात वळलेला. या गुंडाळीला ते लोक 'टबाको' म्हणत. ओव्हिएदो हा दुसरा स्पॅनिश इतिहासकार मात्र सांगतो, टबाको म्हणजे नाकाला लावायची फाटे फुटलेली नळी. दोघांचा मेळ बसत नाही. पण लास कासासचं खरं धरलं तर टबॅकम हे नाव आधी झाडाचं नव्हतंच. ते पानात वळलेल्या पाल्याचं नाव होतं. आपल्या भाषेत, विडीचं.

स्पॅनिश-पोर्तुगीजांनी तो शब्द झाडाला चिकटवला, जहाजातून किनाऱ्याला आणला आणि मराठीत त्याची तंबाखू झाली. अकबराच्या अखेरच्या दिवसांत असद बेग हा त्याचा सरदार विजापूरला गेला होता. त्याला तंबाखू पहिल्यांदा दिसली ती तिथं, आणि त्यानं ती नक्षीदार चिलमीसह बादशहापुढे ठेवली. म्हणजे आपल्या या आदिलशाही मुलखात ती मोगल दरबाराच्या आधी पोचली होती. 'विडी'ची वाट मात्र वेगळी: संस्कृत वीटिका, तिचा विडा, विड्याची धाकटी विडी. पान बदललं, आतला जिन्नस बदलला, वळण तेच राहिलं.

बाहेरच्या पानाचं कूळ ग्रीक आहे. तेंदू, म्हणजे आपली टेंभुर्णी, शास्त्रात डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. हे नाव मद्रास इलाख्यात काम केलेल्या विल्यम रॉक्सबर्ग या स्कॉटिश डॉक्टरनं दिलं. 'डिओस' म्हणजे झ्यूसचा, आणि हा झ्यूस आपल्या वेदांतल्या द्यौसचा सख्खा भाऊबंद. 'पुरोस' म्हणजे गहू. देवाचा दाणा! 'मेलास' काळा, 'झायलॉन' लाकूड, कारण जुन्या झाडाचा गाभा काळाभोर असतो. पानाचा या नावात उल्लेख नाही, आणि विडीला लागतं ते नेमकं पानच.

निपाणीच्या तंबाखूचा आमच्या पिढीला आठवणारा इतिहास ग्रंथात नाही, रस्त्यावर आहे. 14 मार्च 1981 पासून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या हाकेवर इथले तंबाखू उत्पादक दरासाठी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. 12 शेतकरी गेले.

वनस्पतीची नावं माणसांवरून ठेवायची रीत लिनियसच्या आधीपासूनची आहे, आणि ती नावं सहसा पाठवणाऱ्यांची, छापणाऱ्यांची असतात. टाइनो लोकांची भाषा आता बोलली जात नाही. त्यांचा एक शब्द शास्त्राच्या नावात उरला, आणि तो ज्या वस्तूचा होता, ती वस्तू निपाणीच्या बायका हजारावर मजुरी घेऊन आजही वळतात.