मिठाची जकात आणि कापडावरील कर

शिवाजी महाराजांनी इ. स. १६७१ च्या डिसेंबरात कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस मिठाच्या जकातीविषयी पाठविलेले पत्र अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. बारदेशातून, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलुखातून, येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवावी, अशी त्यात आज्ञा आहे. स्वदेशी व्यवसायाच्या संरक्षणाचा आद्य दाखला म्हणून या पत्राचा पुष्कळदा गौरव केला जातो. तो अस्थानी आहे असे नाही. परंतु गौरवाच्या भरात पत्रातील मर्माचा भाग मात्र नजरेआड होतो. जकात किती असावी हे ठरविण्याची जी रीत त्यात सांगितली आहे, तोच हा भाग होय.

मराठी अमदानीतील जकात ही मुख्यतः वाटेवरील वसुली होती. माल भरतेवेळी थळभरीत, विकतेवेळी थळमोड आणि मधल्या चौक्यांवर बैलाच्या ओझ्यामागे घ्यावयाची रक्कम, असे तिचे सामान्य स्वरूप असे. अशा वसुलीचा हेतू उत्पन्नाचा. वाटेने जितका माल अधिक जाईल तितका सरकारास लाभच. मिठाच्या जकातीचा हेतू याच्या नेमका उलट होता. बारदेशचे मीठ स्वस्त पडत असल्यामुळे उदमी लोक तिकडे वळू लागले, तर प्रभावळीतील संगमेश्वरचे मीठ कोणी घेणार नाही, ही महाराजांची चिंता होती. मीठ हा जिन्नस वजनाने भारी व किमतीने हलका. त्यातून ते बैलांच्या पाठीवरून घाटापार न्यावयाचे. तेव्हा भावातील थोडासा फरकही तांड्याची वाट बदलण्यास पुरेसा होई.

यावर उपाय म्हणून पत्रात ठराविक दर सांगितलेला नाही. संगमेश्वरी मीठ कोणत्या भावाने पडते व बारदेशी मीठ कोणत्या भावाने पडते, याचा हिशेब करावा आणि बारदेशी मीठ महाग पडेल इतकी जकात ठेवावी, असा त्याचा आशय आहे. दोन भावांतील अंतर हेच येथे कराचे माप झाले. बारदेशच्या मिठावर बंदी घालण्याचा मार्ग महाराजांनी पत्करला नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. चारच वर्षांपूर्वी, १६६७ त, त्यांच्या फौजा बारदेशात शिरल्या होत्या व त्यानंतर पोर्तुगीजांशी तह झाला होता. तह मोडावा न लागता व्यापाराचा ओघ वळविण्याचे साधन जकातीच्या चौकीवर उपलब्ध होते.

मात्र या पत्रावरून एकोणिसाव्या शतकातील स्वदेशीची कल्पना सतराव्या शतकावर लादणे योग्य नव्हे. आपल्या बंदरांचा व्यापार बसू नये व त्यावरील सरकारी उत्पन्न बुडू नये, हा राजकीय स्वार्थ पत्रात उघडपणे बोलून दाखविला आहे. मीठ पिकविणाऱ्याचे हित आणि राज्याचे हित येथे एकत्र आले, एवढेच म्हणता येईल.

हे हित विभक्त झाले म्हणजे काय होते, ते पाहावयाचे तर दोन शतकांनंतरच्या मुंबईकडे वळावे लागते. हिंदुस्थान सरकारने १८८२ साली बहुतेक आयात कर उठविले होते. पुढे खजिन्यात तूट आल्यामुळे १८९४ च्या मार्चमध्ये शेकडा ५ चा सर्वसाधारण कर पुन्हा आला. सुती माल त्यातून वगळला होता, त्यालाही तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात लागू करण्यात आला. परंतु या कराच्या आडोशाने येथील गिरण्यांना संरक्षण मिळेल, अशी लँकेशायरची तक्रार होती. तिच्या निवारणार्थ २० नंबरावरील देशी गिरणी सुतावर तितकीच जकात बसविण्यात आली. १८९६ मध्ये तर विलायती कापडावर शेकडा ३॥ आणि देशी गिरणी कापडावरही शेकडा ३॥, अशी तोलामापाची बरोबरी साधली गेली. कुडाळच्या पत्रात भावांचे अंतर निर्माण करण्यासाठी हिशेब होता. येथे ते निर्माण होऊ नये यासाठी. अंकगणित एकच, धनी निराळा.

यातील विपरीत भाग असा की, मुंबईच्या गिरण्यांचे बरेचसे कापड जाडेभरडे होते आणि त्या प्रतीच्या मालात लँकेशायरची स्पर्धा नाममात्रच होती. म्हणजे ज्या कापडाला संरक्षण मिळण्याचा प्रश्नच नव्हता, त्यावरही समतोलाच्या नावाखाली कर पडला व तो गरिबाच्या अंगावरील वस्त्रावर पडला. हातमागाचे कापड तेवढे सुटले. १९१७ साली युद्धखर्चासाठी विलायती कापडावरील कर शेकडा ७॥ झाला, तेव्हा हा समतोल प्रथम ढळला. देशी कापडावरील कर १९२५ च्या डिसेंबरात तहकूब झाला आणि १९२६ साली कायमचा रद्द करण्यात आला.