अभियोक्त्याच्या शेजारची खुर्ची

१९५१ च्या ऑक्टोबरमध्ये कायदेमंत्रिपदाच्या राजीनाम्याची कारणे सांगताना बाबासाहेबांनी जे निवेदन केले, त्यातली एक गोष्ट हिंदू कोड बिलाच्या चर्चेत नेहमी मागे पडते. अनुसूचित जातींच्या स्थितीवरचा एक अहवाल संयुक्त राष्ट्रांना सादर करण्यासाठी त्यांनी तयार केला होता. तो त्यांनी पाठवला नाही. घटना समितीला आणि पुढे येणाऱ्या संसदेला आधी संधी द्यावी, असा विचार त्यांनी केला. पण अत्याचार थांबलेले नाहीत, हेही त्यांनी त्याच निवेदनात स्पष्ट सांगितले.

त्याआधी १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते. तिथल्या निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे याचिका केल्याचे वाचून तिच्या प्रती त्यांनी मागवल्या. म्हणजे आपला प्रश्न जगाच्या चावडीवर कोणत्या कागदाने मांडायचा, याचा अभ्यास बाबासाहेब तेव्हाच करत होते.

मित्रहो, आम्ही हा लेख त्या कागदाविषयी लिहीत आहोत. कारण न्यायालयात माणूस जिंकत नाही, कागद जिंकतो. आणि तो कागद तयार करणारा माणूस बहुतेक वेळा फोटोत दिसत नाही. तो मुख्य अभियोक्त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो.

ही खुर्ची काय करते? आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा रोम कायदा १७ जुलै १९९८ रोजी मंजूर झाला आणि १ जुलै २००२ पासून लागू झाला. हेगच्या या न्यायालयात आरोप ठेवण्याचे काम अभियोक्ता करतो. पण जगभरातून येणारी हजारो निवेदने एक माणूस वाचू शकत नाही. ती चाळणे, जबाबांची जुळवाजुळव करणे, कोणते कलम लागते आणि कोणते टिकणार नाही याची टिपणे काढणे, ही कामे त्याच्या कार्यालयातले सहायक आणि सल्लागार करतात. लैंगिक हिंसाचारासारख्या विषयांतले जाणकार सल्लागार नेमावेत, असे कायद्याच्या ४२ व्या कलमातच लिहिले आहे. ५४ वे कलम सांगते की आरोपीच्या विरुद्धचा आणि आरोपीच्या बाजूचा, असा दोन्ही पुरावा सारख्याच कसोशीने शोधायचा. अभियोक्त्याच्या टेबलावर काय येते आणि काय येतच नाही, हे ठरवण्याची ताकद या खुर्चीत आहे.

इतिहास पाहा. १९४५ मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्याची तयारी सुरू झाली तेव्हा अमेरिकन अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन यांच्या चमूत राफाएल लेम्किन नावाचा एक पोलिश ज्यू वकील सल्लागार होता. त्याचे जवळपास सगळे कुटुंब नाझींनी संपवले होते. १९४४ मध्ये आपल्या पुस्तकात त्याने 'जेनोसाईड', म्हणजे वंशसंहार, हा शब्द पहिल्यांदा वापरला. तो शब्द त्याने धडपडून दोषारोपपत्रात घालायला लावला. निकालपत्रात तो आला नाही. पण लेम्किनने पिच्छा सोडला नाही आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. ज्या गुन्ह्याला नाव नसते त्याची फिर्याद होत नाही, हे त्याला पक्के कळले होते.

त्याच न्यूरेंबर्गमधला दुसरा तरुण बेंजामिन फेरेन्झ. गरीब स्थलांतरित ज्यू घरातला मुलगा. टेलफर्ड टेलर या अभियोक्त्याच्या हाताखाली बर्लिनमध्ये कागद तपासणाऱ्या गटाचे काम तो पाहत होता. नाझींच्या फिरत्या हत्यापथकांचे रोजचे अहवाल त्या गटाच्या हाती लागले. कोणत्या गावात किती मारले, याची ती नोंद. फेरेन्झने बेरजेच्या यंत्रावर आकडे मिळवले आणि बेरीज दहा लाखांच्या वर गेल्यावर थांबला. मनुष्यबळ नाही, नवा खटला जमणार नाही, असे वरून उत्तर आले. त्याने हट्ट धरला. मग तूच चालव, असे त्याला सांगण्यात आले. तेव्हा तो २७ वर्षांचा होता आणि तो त्याचा पहिला खटला होता. निकाल लागलेले २२ ही आरोपी दोषी ठरले.

तिसरा दाखला अर्जेंटिनाचा. १९८५ मध्ये तिथे लष्करी हुकूमशहांवर खटला उभा राहिला. अभियोक्ता होते हुलिओ स्ट्रासेरा आणि त्यांचे सहायक होते ३२ वर्षांचे लुईस मोरेनो ओकाम्पो. लष्कराची दहशत अजून ओसरली नव्हती. त्यांनी तरुण मुलामुलींची फळी उभी केली, देशभरातून जबाब गोळा केले, हजारो प्रकरणांतून सातशेच्या आसपास प्रकरणे निवडली. आठशेहून अधिक साक्षीदार कोर्टात उभे राहिले. ९ डिसेंबर १९८५ रोजी विदेला आणि मासेरा या दोघांना जन्मठेप झाली. १८ वर्षांनी हाच सहायक हेगच्या न्यायालयाचा पहिला मुख्य अभियोक्ता झाला. त्याच्यानंतर आलेल्या गाम्बियाच्या फातू बेन्सुदा यांनीही आधी रवांडाच्या न्यायाधिकरणात कायदा सल्लागार म्हणून काम केले होते.

आता रवांडा. टाबा गावाचा प्रमुख अकायेसू याच्यावरच्या मूळ दोषारोपपत्रात बलात्काराचा आरोपच नव्हता. साक्ष देताना स्त्रिया बोलू लागल्या. खंडपीठावरच्या एकमेव स्त्री न्यायाधीश नवी पिल्ले यांनी त्यांना प्रश्न विचारले, महिला संघटनांनी पाठपुरावा केला आणि जून १९९७ मध्ये, खटला चालू असताना, दोषारोपपत्र दुरुस्त झाले. त्या काळात रवांडा आणि युगोस्लाव्हिया या दोन्ही न्यायाधिकरणांचा अभियोक्ता एकच होता, आणि त्याच्या कार्यालयात लैंगिक गुन्ह्यांविषयीची कायदा सल्लागार होती पॅट्रिशिया सेलर्स ही आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालाने जगात पहिल्यांदा सांगितले की बलात्कार हे वंशसंहाराचे हत्यार असू शकते. पिल्ले या दक्षिण आफ्रिकेतल्या, भारतीय वंशाच्या, बसचालकाच्या कन्या. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त असताना २००९ मध्ये त्यांनी जातिभेदाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली.

मूळ दोषारोपपत्रात जे नव्हते ते नंतर आले, कारण खोलीत ते ओळखणारे कोणीतरी होते. आता आपल्या खोलीकडे या.

२९ सप्टेंबर २००६, खैरलांजी, जिल्हा भंडारा. सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांची हत्या. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी दिली. पण ॲट्रॉसिटी कायद्याचा गुन्हा सिद्ध धरला नाही. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची शिक्षा दिली आणि जातीचे कारण तिथेही मान्य झाले नाही. चार माणसे मारली गेली हे सिद्ध झाले, का मारली गेली हे सिद्ध झाले नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले. रवांडात खटला चालू असताना कागद दुरुस्त झाला. खैरलांजीत मात्र सुरुवातीच्या कच्च्या तपासाची किंमत शेवटपर्यंत मोजावी लागली. आम्ही रस्त्यावर होतो आणि ते आवश्यकच होते. पण त्या पहिल्या चार दिवसांत, पंचनामा होताना, जबाब लिहिले जाताना, त्या टेबलाशेजारी आमचे कोण होते?

काही मित्र म्हणतील, हेगची कौतुके कशाला? तो बलाढ्य देशांचा खेळ आहे. हा आक्षेप खोटा नाही. रोममध्ये १२० देशांनी बाजूने मत दिले, ७ विरोधात गेले आणि २१ तटस्थ राहिले, त्यात भारत होता. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आणि अभियोक्त्याने स्वतःहून तपास सुरू करण्याची मुभा, यांवर भारताचा आक्षेप होता. आजही भारत सदस्य नाही, म्हणून आपली फिर्याद तिथे सहज जाणार नाही. कायद्याच्या ७ व्या कलमात वंश, धर्म, लिंग यांवरून होणाऱ्या छळाचा उल्लेख आहे, वर्णद्वेषाचा आहे, जात हा शब्द नाही. अफगाणिस्तानातील अमेरिकन सैनिकांचा तपास होऊ लागला तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेने बेन्सुदांवर आणि त्यांचे वरिष्ठ सहकारी, लेसोथोचे फाकिसो मोचोचोको यांच्यावर निर्बंध लादले. अभियोक्त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते ती अशी. आणि ते कार्यालय आतून धुतल्या तांदळासारखे आहे असेही नाही. मे २०२५ मध्ये तिसरे अभियोक्ता करीम खान लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांच्या चौकशीमुळे रजेवर गेले. त्यांनी आरोप नाकारले आहेत. पण न्यायाच्या कार्यालयातही उतरंड असते, एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.

तरीही आमचे म्हणणे कायम आहे. संस्था दुसऱ्यांच्या ताब्यात आहे म्हणून तिचे काम शिकायचेच नाही, हा युक्तिवाद बाबासाहेबांनी कधी केला नाही. लेम्किनपाशी सत्ता नव्हती, कागद होता.

वसई-विरार पट्ट्यात आम्ही काही कार्यकर्ते पीडित कुटुंबांबरोबर पोलीस ठाण्यात जातो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळीतल्या नळावरून एका ताईंना जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाली. आम्ही दहा-बारा जण ठाण्याबाहेर घोषणा देत होतो. आत ताई एकट्या होत्या. जबाबात 'पाणी भरण्यावरून वाद' एवढेच लिहिले गेले. त्यांनी अंगठा दिला. जातीचा एक शब्द त्यात नव्हता. पुरवणी जबाब पुढे झाला, पण कोर्टात आरोपीच्या वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला: हे तुम्ही पहिल्या दिवशी का सांगितले नाही? ताईंनी सांगितले होते. लिहून घेतले आहे का, हे आम्ही पाहिले नव्हते. दोष लिहिणाऱ्याचा होताच. पण आमचाही होता, आणि तो कबूल केल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

आज कायदा आपल्याला ती खुर्ची देतो. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने १५ अ हे कलम आले आणि २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू आहे. पीडितांना सामाजिक कार्यकर्ते, संस्था किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्क आहे, असे त्याचे १२ वे उपकलम सांगते. जामिनाच्या सुनावणीची आगाऊ सूचना मिळण्याचा आणि तिथे बोलण्याचा हक्क आहे. तो बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, ६० दिवसांत दोषारोपपत्र द्यायचे. पीडितांची इच्छा असेल तर जिल्हाधिकारी नामवंत ज्येष्ठ वकिलाची नेमणूक करू शकतात, ही तरतूद १९९५ च्या नियमांत आहे. आपल्यापैकी किती जणांनी ही कलमे मराठीत एकदा तरी पूर्ण वाचली आहेत?

नालासोपाऱ्याच्या स्तूपावर आपण बुद्धपौर्णिमेला जातो. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला आणि त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा भुईगावात मिळाला १९५६ साली, धम्मदीक्षेच्या वर्षी. दासांशी आणि चाकरांशी नीट वागावे, असे तो नववा लेख सांगतो. सव्वादोन हजार वर्षांनी आपण ते वाचू शकतो, याचे कारण एकच: कोणीतरी ते नीट कोरून ठेवले.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. समाजशास्त्र शिका, कायदा शिका, परदेशी भाषा शिका, हेगपर्यंत जा. पण त्याआधी आपल्या तालुक्यातल्या प्रकरणात पीडिताच्या शेजारी बसा. जबाब त्याच्या शब्दांत उतरला का ते पाहा, वाचून दाखवल्याशिवाय सही होऊ देऊ नका, प्रत मागा, तारखा वहीत लिहा. बाबासाहेबांचा तो अहवाल पाठवायचा राहिला. तो पुढे लिहीत राहण्याचे काम आपल्याकडे आले आहे, आणि त्याचे पहिले पान पोलीस ठाण्याच्या टेबलावर लिहिले जाते.

जय भीम! नमो बुद्धाय!