सलाफहादाच्या कन्यांचें वतन : बायबलांतील स्थलनामें व त्यांचा आध्यात्मिक अर्थ

बायबलांतील स्थलनामांना आध्यात्मिक अर्थ देण्याची परंपरा फार जुनी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत ओरिजेन यानें इस्राएल लोकांचे अरण्यांतील ४२ मुक्काम म्हणजे जीवाच्या ऊर्ध्वगतीच्या पायऱ्या होत असें प्रतिपादिलें, व यहोशवाच्या ग्रंथांतील भूमीची वांटणी ही स्वर्गीय वतनाची छाया मानिली. चौथ्या शतकांत कैसरियाच्या युसेबियसानें याच स्थळांचा भौगोलिक कोश ग्रीक भाषेंत रचिला. त्याचें लॅटिन रूपांतर जेरोमनें त्या शतकाच्या अखेरीस केलें आणि हिब्रू नामांच्या अर्थांची स्वतंत्र यादीही सिद्ध केली. म्हणजे गांव कोठें आहे व त्याच्या नांवाचा अर्थ काय, हे दोन्ही प्रश्न एकाच पंडितानें हाताळले. पुढें मात्र भाविकानें अर्थ पाहावा व संशोधकानें ठिकाण पाहावें अशी फारकत झाली. अस्सल पुराव्यापुढें ही फारकत टिकत नाहीं, हें एका उदाहरणानें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

मनश्शेच्या वंशांतील सलाफहाद हा पुत्रावांचून वारला. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या त्याच्या पांच कन्यांनीं मोशे, याजक व सरदार यांच्या भरसभेंत उभें राहून, बापास पुत्र नाहीं एवढ्यामुळें त्याचें नांव कुळांतून कां नाहींसें व्हावें, असा प्रश्न केला व भाऊबंदांत वतन मागितलें. ईश्वराचा कौल घेऊन मोशेनें निवाडा त्यांच्या बाजूनें दिला. ही हकीकत गणनाच्या ग्रंथाच्या २७ व्या अध्यायांत आहे. वतन दुसऱ्या वंशांत जाऊं नये म्हणून त्यांनीं स्ववंशांतच विवाह करावा, अशी अट ३६ व्या अध्यायांत येते. आणि यहोशवाच्या १७ व्या अध्यायांत, प्रत्यक्ष वांटणीच्या वेळीं, त्यांना वांटे मिळाले. मराठी बायबलांत यासाठीं 'वतन' हाच शब्द योजिला आहे. मराठेशाहीचे कागद चाळणाऱ्या आमच्या वाचकांस त्या शब्दांतील भूमि, कुळ व मान यांची गुंफण निराळी सांगावयास नको.

इ. स. १९१० मध्यें जॉर्ज राइस्नर यांच्या नेतृत्वाखालीं हार्वर्ड विद्यापीठानें शोमरोन येथें केलेल्या उत्खननांत, राजवाड्याच्या परिसरांत, शाईनें लिहिलेले खापराचे तुकडे सांपडले. ते इ. स. पू. आठव्या शतकांतील होत असें सामान्यतः मानितात. मजकूर अगदीं रोखठोक : अमुक वर्षीं, अमुक ठिकाणाहून, अमक्याच्या नांवें, जुन्या द्राक्षारसाचा किंवा शुद्ध तेलाचा घडा. आपल्या दफ्तरांतील जमेच्या टिपणांशीं याचें साम्य सहज ध्यानीं येईल. या तुकड्यांत मुलुखाचीं नांवें म्हणून अबियेजेर, हेलेक, अस्रिएल, शेखेम व शमीदा हीं मनश्शेचीं कुळें येतात. आणि त्यांच्याच पंक्तीस नोआ व होग्ला हीं कन्यांचीं नांवेंही येतात. तिरसा हें तर शोमरोन वसण्यापूर्वीं इस्राएलच्या राजांच्या राजधानीचें नांव होतें.

यावरून त्या पांच कन्या ऐतिहासिक व्यक्ति होत्या असें सिद्ध होत नाहीं. मुलुखांचीं नांवें आधीं असून वंशावळकारांनीं त्यांना कन्यांचें रूप दिलें असावें, हा पक्षही तितकाच सबळ आहे. परंतु कोणताही पक्ष स्वीकारिला तरी एक गोष्ट निश्चित ठरते : हीं नांवें रूपकासाठीं रचिलेलीं नव्हेत. त्या नांवांची जमीन कसली जात होती व तिचा माल राजधानींत जमा होत होता.

मग आध्यात्मिक अर्थ आला कोठून? आमच्या मतें तो या भूमिव्यवस्थेंतूनच उगवला. लेवीयाच्या २५ व्या अध्यायाप्रमाणें भूमि ईश्वराची असल्यामुळें तिचें कायमचें खरेदीखत होऊं शकत नाहीं. पन्नासाव्या वर्षीं ती मूळ कुळाकडे परत यावयाची. याच भावनेनें नाबोथानें अहाब राजास वडिलार्जित द्राक्षमळा नाकारिला व त्यापायीं प्राण गमाविला. लेवीच्या वंशास तर भूमीचा वांटाच नव्हता. ईश्वर हेंच त्यांचें वतन, असें त्यांस सांगितलें गेलें. स्वर्गीय वतनाच्या कल्पनेचें बीज येथें आहे. ज्या समाजांत वतनावांचून नांव टिकत नव्हतें, त्यांतच या वचनाचें वजन कळूं शकतें. अखोर खोऱ्याचेंही तसेंच. यहोशवाच्या ७ व्या अध्यायांत तें आखानाच्या शिक्षेमुळें संकटाचें स्थळ ठरतें, १५ व्या अध्यायांत यहूदाच्या सीमेची निव्वळ खूण म्हणून येतें, आणि होशेय संदेष्टा त्यासच आशेचें द्वार म्हणतो. शिवेची ही खूण लोकांच्या परिचयाची होती, म्हणूनच संदेष्ट्याचें बोलणें त्यांच्या अंतःकरणास भिडलें.

तात्पर्य, अर्थ लावणाऱ्यानें जमीन सोडूं नये, व जमीन शोधणाऱ्यानें अर्थ तुच्छ मानूं नये. हस्तलिखितांच्या संग्राहकांस आमची एवढीच विनंति कीं, पोथींतील अगर दफ्तरांतील नांवांची यादी नीरस म्हणून बाजूस सारूं नये. बापाचें नांव राहावें हें त्या कन्यांचें मागणें धर्मग्रंथानें जपिलें. त्या नांवांचा मुलूख खरोखर होता याची साक्ष मात्र तेला-द्राक्षारसाच्या टिपणांनीं दिली.