कवटीतील दाब वाढल्याने नजर जाणे

कवटी ही हाडांची बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी असते. प्रौढ व्यक्तीत हे पाणी सुमारे १५० मिली असते. रोज सुमारे ५०० मिली नवे तयार होते आणि तेवढेच रक्तात शोषले जाते. हा निचरा अडला किंवा आत गाठ, सूज, रक्तस्राव झाला, तर दाब वाढतो. हेच पाणी डोळ्याच्या नसेभोवतीही असते. त्यामुळे नस सुजते आणि नजर जाऊ लागते.

लक्षणे
• सकाळी किंवा आडवे झाल्यावर वाढणारी डोकेदुखी, उलटी
• वाकताना, उठताना काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी
• कानात नाडीसारखे ठोके
• एका वस्तूच्या दोन दिसणे

बहुधा आधी बाजूचे दिसणे कमी होते. म्हणून तक्त्यावरची अक्षरे वाचता आली, तरी नस ठीक आहे असे समजू नका. थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासून घ्या.

कोणाला धोका?
वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रिया, बाळंतिणी (मेंदूच्या शिरेत गुठळी), क्षयाचा मेंदूज्वर झालेले आणि डोक्यात शंट बसवलेले रुग्ण. मुरुमांवरच्या काही गोळ्या आणि अ जीवनसत्त्वाचा अतिरेक हीदेखील कारणे आहेत. बाळंतिणीची सततची डोकेदुखी ‘अशक्तपणा’ म्हणून अंगावर काढू नका.

तपासण्या
आधी एमआरआय किंवा सीटी स्कॅन, मग गरजेनुसार पाठीतून पाणी काढून दाब मोजतात. प्रौढांत २५ सेंटिमीटरपेक्षा जास्त दाब वाढलेला मानतात. ‘पाणी काढले की पाय लुळे पडतात’ ही भीती अनेक घरांत असते. पण सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात.

उपचार
कारणानुसार ठरतात. अनेकांना अॅसिटाझोलामाइड आणि वजन कमी करणे उपयोगी पडते. नजर झपाट्याने जात असेल, तर शस्त्रक्रिया लागते. वाळलेली नस पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची.

कुठे जावे?
अचानक कमी दिसू लागले, शुद्ध हरपू लागली किंवा झटका आला, तर पुढच्या नेत्रशिबिराची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा. पवनारजवळ सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या.