तलवाड्याचा गोळीबार : गुन्ह्याच्या एका कथनाचे वाचन

पालघर येथे १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’ आंदोलनातील जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या व पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९४५ मध्ये, याच मुलखाच्या डोंगराळ भागात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळ्यांना पुन्हा पाच माणसे बळी पडली. ती वारली होती. पालघरच्या पाचांना हुतात्मे म्हणून मान मिळाला. तलवाड्याचे पाच सरकारच्या लेखी दंगेखोरांपैकी होते. एकाच जातीच्या घटनेस दोन नावे पडावीत, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकाने उपेक्षिण्याजोगी नव्हे.

किनाऱ्याकडील पट्ट्याचा इतिहास कागदांत भरपूर आहे. १७३९ च्या तारापूरच्या रणात बाजी भिवराव पडला, तो वृत्तान्त पेशवेकालीन पत्रव्यवहारात सापडतो. पूर्वेकडील पाड्यांना असा दप्तरखाना नव्हता. तेथील माणसाचा लेखी उल्लेख आलाच, तर तो सावकाराच्या वहीत ऋणको म्हणून किंवा पोलिसांच्या कागदांत आरोपी म्हणून येई. म्हणूनच गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथाचे महत्त्व निराळे आहे. त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्याची गणना बहुधा आत्मकथनात किंवा चळवळीच्या इतिहासात होते. परंतु तो एका प्रदीर्घ गुन्ह्याचा वृत्तान्त म्हणूनही वाचता येतो.

तो गुन्हा गोळीबारापासून सुरू होत नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली जन्मभर जमीनदाराच्या घरी राबे. त्यास ‘लग्नगडी’ म्हणत. त्याखेरीज वेठ होतीच. एखाद्याकडून त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा श्रम करवून घेणे हा १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३७४ व्या कलमानुसार शिक्षापात्र गुन्हा होता. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी आपल्या अहवालात वारल्यांची ही दुःस्थिती नोंदवली होती. तो अहवाल १९३९ चा. म्हणजे तलवाड्याच्या आधी सहा वर्षे ही हकीकत सरकारदरबारी ठाऊक होती. अहवालातील वारली कीव करण्याजोगा आहे. परुळेकरबाईंच्या कथनातील वारली बोलतो, भितो, आपसांत वाद घालतो आणि २३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत वेठ न करण्याची शपथ घेतो. कथनाने अहवालावर मात केली असेल, तर ती या ठिकाणी.

तलवाड्याविषयी ग्रंथाची मांडणी अशी की, जमीनदारांच्या बाजूने लालबावट्याच्या नावे खोटा निरोप फिरवला गेला. गोदावरीबाईंचे नाव ऐकून हजारो लोक रात्रीतून जमले, आणि तोच जमाव पोलिसांपुढे हिंसेसाठी जमलेला म्हणून उभा केला गेला. जेठ्या गांगड आणि अन्य चौघे मारले गेले. प्रांतात त्या वेळी लोकनियुक्त मंत्रिमंडळ नव्हते, राज्यपालांचा कारभार होता; तेव्हा जाब विचारण्यास विधिमंडळही नव्हते.

येथे वाचकाने सावध असावे. लेखिका तटस्थ नाही. ती किसान सभेची नेती आहे आणि ज्या अफवेने जमाव जमला, त्या अफवेत तिचेच नाव होते. न्यायालयात अशा साक्षीदाराची उलटतपासणी कसून झाली असती. शिवाय ग्रंथ घटनेनंतर पंचवीस वर्षांनी लिहिलेला. त्यातील संवाद शब्दशः जसेच्या तसे मानणे भोळेपणाचे ठरेल. शामराव परुळेकरांची १९४७ ची इंग्रजी पुस्तिका घटनेला अधिक जवळची आहे. पण तीही लढा चालू असतानाची कैफियत आहे. तथापि पक्षपात हा दोष एका बाजूचाच मानणे बरे नव्हे. पोलिसांचा कागदही पक्षकाराचाच असतो. त्यावर शिक्का असतो, इतकेच.

तेव्हा या ग्रंथाच्या वाचनाची पद्धत हीच की, संवाद बाजूस ठेवून वेठ, कर्ज, मजुरी यांविषयीची विधाने सिमिंग्टनच्या अहवालाशी ताडावीत. मुख्य गोष्टींत दोहोंचा मेळ बसतो. आणि लेखिकेच्या मतांशी त्या अधिकाऱ्याचे काडीचेही नाते नसल्याने त्या मेळास वजन येते. अफवेच्या उगमाबाबत मात्र असा दुसरा आधार अहवालातून मिळणे शक्य नाही, कारण तो आधीचा आहे. तेथे तलवाड्यास त्या रात्री गेलेल्या वारल्यांनी लेखिकेस जे सांगितले, तेच वाचकाच्या हाती उरते.