पंडिता रमाबाई आणि केडगावचे मुक्तिसदन



मंडळाच्या वर्धापनदिनाला स्मरणिका निघणार, तीत प्रत्येकीने काही तरी लिहावे, असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा एखादी पाककृती देऊन सुटका करून घ्यावी असा माझा विचार होता. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहासावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. तरी पण एक विषय दोन-तीन वर्षे मनात घर करून बसला आहे, तो आपल्यापुढे मांडते. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

तीन वर्षांपूर्वी माझा पाठचा भाऊ अपघातात गेला. भेटायला पुष्कळजणी आल्या. "मन घट्ट करा, मुलाबाळांकडे पाहा," असे सगळ्यांनी सांगितले. तेरावा झाला आणि ये-जा थांबली. कोणाचाच दोष नाही; मीही आजवर दुसऱ्यांकडे असेच बोलून आले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त ख्रिस्ती परिचारिका राहतात. त्या मात्र दर गुरुवारी दुपारी येत आणि माझ्याबरोबर तांदूळ निवडीत बसत. उपदेश नाही, काही नाही. मी बोलले तर ऐकत, न बोलले तरी बसत. जाताना विचारीत, "वहिनी, तुमची हरकत नसेल तर तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" पुढे मला रात्र रात्र झोप येईना, तेव्हा त्यांनीच मला समुपदेशक बाईंकडे नेले. एकदा मी विचारले, "सिस्टरबाई, हे असे बसणे तुम्ही कुठे शिकलात?" त्या म्हणाल्या, "माझी आजी दुष्काळातली पोर. केडगावला रमाबाईंकडे वाढली. तिथे तिच्याजवळ कोणी तरी असेच बसले होते. ती तसे आमच्याजवळ बसायची."

तेव्हापासून वाचनालयातून रमाबाईंची पुस्तके आणून वाचू लागले. पंडिता म्हणून त्यांचे नाव आपण सगळ्याच जाणतो. त्यांच्या दुःखाची हकीकत मात्र मला ठाऊक नव्हती.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले, आणि आईने मुलीला. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब हिंडत असे. रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या असतील, तेव्हा दक्षिणेत दुष्काळ पडला. होते नव्हते ते विकून संपले. कित्येक दिवस रानातला पाला आणि पाणी यांवर काढले. थोड्या काळात वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे गेली. आईला स्मशानात नेण्यास पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून रमाबाईंनी स्वतः खांदा दिला. उंची कमी पडली तेव्हा त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवले.

पुढे त्या भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर पायी देश हिंडल्या. उत्तरेकडच्या थंडीत पांघरूण नाही, म्हणून नदीकाठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून दोघे निजले. १८७८ साली कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा मोठा गौरव झाला. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत तेही पटकीने गेले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी आणि वय अवघे तेवीस. एवढे भोगलेली बाई पुण्यास येते आणि त्याच वर्षी आर्य महिला समाज काढते, याचे मला राहून राहून नवल वाटते.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींचे लंडनमध्ये फुलम येथे एक घर होते. समाजाने टाकलेल्या, वाईट मार्गाला लागलेल्या बायकांना तेथे आसरा मिळे. रमाबाईंनी पाहिले की, अशा बायकांना कोणी हिडीसफिडीस करीत नाही, आणि त्यांतल्याच काही सुधारून आता दुसऱ्या आजाऱ्यांची सेवा करीत आहेत. हे कसे घडते, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरची गोष्ट वाचून दाखविली. सगळ्यांनी दूर लोटलेल्या त्या बाईशी येशू थांबून बोलला, ही गोष्ट रमाबाईंच्या मनाला फार लागली. त्याच साली सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मन त्या दिवशीच शांत झाले असे नव्हे. धर्म मिळाला, तरी ख्रिस्त आपल्याला सापडण्यास आणखी आठेक वर्षे लागली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. मला यातून मोठा धीर आला. एवढ्या विदुषीला इतकी वर्षे लागतात, तर आपण सहा महिन्यांत का सावरलो नाही म्हणून स्वतःवर रागावण्यात काय अर्थ?

१८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदासदन काढले, व पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. १८९३ साली मुली ख्रिस्ती होतात म्हणून गदारोळ उठला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनीही सल्लागारपद सोडले. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. भुकेल्या, अनाथ मुलीने ज्याचे अन्न खाल्ले त्याचा धर्म घेतला, तर तो किती तिच्या मनाचा आणि किती पोटाचा, हा प्रश्न त्या वेळी लोकांनी विचारला, आणि वाचताना माझ्याही मनात आला. तो विचारणे गैर आहे असे मला वाटत नाही. पण त्याच मुलींना दुसरे कोण दार उघडीत होते, हेही त्याच दमात विचारले पाहिजे.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकून रमाबाईंना आपली आई आठवली. सुंदराबाई पवार यांच्यासारख्या सहकारिणींना मदतीला घेऊन त्यांनी शेकडो मुली आणि तरुण विधवा आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढी माणसे शहरात ठेवण्याची सोय नाही. पुणे-दौंड रेल्वेवर केडगाव येथे त्यांची शेतजमीन होती, तेथे छपऱ्या घातल्या. हेच मुक्तिसदन. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या मुली नुसत्या उपाशी नव्हत्या. त्यांनी आईबाप डोळ्यांदेखत मरताना पाहिले होते, काहींची विटंबना झाली होती. हल्ली यासाठी समुपदेशक असतात, तसे तेव्हा कोणी नव्हते. मग केडगावात काय केले? आधी अन्न, वस्त्र, औषध. शारदासदनात आधी शिकलेल्या मुलींवर नव्या मुलींना शिकविण्या-सांभाळण्याचे काम सोपविले. अत्याचाराला बळी पडलेल्या बायकांसाठी कृपासदन काढले. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आणली. शाळा, विणकाम, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, छापखाना असे प्रत्येकीच्या हाताला काम दिले. आणि रोजची प्रार्थना होती. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल केले. ते केडगावच्याच छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडले. तोवर रमाबाई राहिल्या नव्हत्या. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही.

मी माझ्या देवघरातला दिवा लावते आणि लावीत राहीन; सिस्टरबाईंनी मला कधी दुसरे काही सुचविलेही नाही. पण ज्या श्रद्धेने रमाबाईंना आपल्या दुःखातून उठून दुसरीच्या दुःखाजवळ बसण्याचे बळ दिले, तिला मी हात जोडते.

आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, सहल होते, भिशी होते. एखादीच्या घरी दुःख झाले तर आपण सगळ्या मिळून एकदा जातो. माझी एवढीच विनंती आहे की, तेराव्यानंतरही आळीपाळीने एकेकीने जावे. बोलायला सुचले नाही तर तांदूळ निवडावेत. आणि झोप, जेवण तुटले आहे असे दिसले तर तिला समुपदेशकाकडे न्यावे, त्यात लाज मानू नये. पुढच्या गुरुवारपासून मी स्वतः एका घरी जाणार आहे. बरोबर कोणी आले तर बरे वाटेल.